कोणाच्या समक्ष

वायरमनला नगरपालिकेच्या रेकॉर्डमधला एक नकाशा बघायचा होता. काम एवढंच.

काकांनी इथून सुरुवात केली आणि भावोजी लगेच म्हणाले, "काका, ही भुताचीच आहे ना? नाहीतर नगरपालिकेच्या गोष्टी माझ्याकडे माझ्यापुरत्या आहेत."

"ऐकायची नसेल तर खाली जा आणि पाणी आलं का बघ."

पाणी आलेलं नव्हतं. आमच्याकडे नळाला रात्री कधीतरी पाणी येतं आणि तोवर कोणीतरी जागं राहायचं असतं, म्हणून आम्ही गच्चीवर बसलो होतो. काका, ताई, भावोजी आणि मी. ताईला सकाळी नगरपालिकेत जायचं होतं. तिच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलेली, ती मूळ नोंदीशी ताडून बघायची होती. कोणत्या खिडकीवर जायचं, अर्ज कोणाकडे द्यायचा, हे तिनं संध्याकाळीच काकांना विचारलं होतं. काकांचं अर्धं आयुष्य त्या इमारतीच्या पायऱ्या चढण्यात गेलंय. तरी "जाऊन बघ, कळेल" एवढंच म्हणाले. आमच्या घरातली मोठी माणसं उपयोगाचं काही सांगत नाहीत. भुताचं मात्र बारीकसारीक तपशिलासकट सांगतात.

तर ते तपशील इथे लिहितो. काकांचं पाल्हाळ काढून टाकलंय. "माझा जिगरी दोस्त" हे त्यांनी दहादा म्हटलं, ते एकदाच लिहितो. वायरमन हा काकांचा जिगरी दोस्त, आणि हे त्याच्या बाबतीत खरोखर घडलेलं आहे.

वायरमन आणि त्याची आई, घरात दोघंच. कोपऱ्यावरचं घर. मागे दोन अंधाऱ्या खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला पुढची खोली. आईचे पाय गेल्यापासून ती पुढच्या खोलीतच असायची, खिडकीला लागून पलंग टाकून. नजरही अधू झाली होती, पण चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखायची. येणारा-जाणारा खिडकीशी थांबायचा. कोणी आत येऊन पलंगासमोरच्या खुर्चीत बसायचं, गावभरच्या चहाड्या करून जायचं. म्हातारीचं सगळं जग त्या एका खोलीत होतं. मागच्या खोलीत तिला हलवणं म्हणजे जिवंतपणी कपाटात ठेवण्यासारखं.

आणि नोटीस आली. पुढची खोली अनधिकृत आहे, सबब पाडण्यात येईल. काही म्हणणं असल्यास शुक्रवारी सकाळी मंजूर नकाशासह सुनावणीस हजर राहावे.

खोली वायरमनच्या वडिलांनी रीतसर परवानगी काढून बांधली होती. मंजूर नकाशा त्यांनी जपून ठेवला होता. इतका जपून, की कुठे ठेवलाय ते कोणालाही न सांगता वारले.

"मोठ्या माणसांची रीतच ती," मी म्हणालो.

"कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्यानं रीतीबद्दल बोलू नये," काका म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.

घरातला नकाशा गेला, तर राहिला नगरपालिकेतला. बांधकाम परवानगीच्या फायली रेकॉर्डमध्ये असतात आणि त्या कोणालाही बघता येतात, असं बाहेर फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. वायरमन गेला. पहिल्या खेपेला किल्ली नव्हती. दुसऱ्या खेपेला किल्ली होती, कारकून नव्हता. तिसऱ्या खेपेला दोन्ही होते, पण जेवणाची सुट्टी होती आणि ती संपेचना. असं करत गुरुवार उजाडला. एप्रिलमधला शेवटचा गुरुवार. अमावास्या नव्हती, पौर्णिमा नव्हती, काही नव्हतं. साधा घामट गुरुवार.

ऑफिस सुटायच्या वेळी रेकॉर्डचा कारकून त्याला म्हणाला, "शनिवारी सगळं रेकॉर्ड नव्या इमारतीत हलतंय. एकदा गठ्ठे टेम्पोत चढले की वर्षभर विसरा."

"साहेब, उद्या सुनावणी आहे हो माझी."

"मग इतके दिवस काय करत होता?"

 इतके दिवस वायरमन याच माणसाच्या खिडकीसमोर उभा होता.

"बरं, बसा आत," कारकून म्हणाला. "तुमचं तुम्ही शोधा. पण फक्त बघायचं. साक्षांकित नक्कल हवी तर अर्ज करा, आठ दिवस लागतील. आणि मोबाइलवर फोटो काढून सुनावणीत नाचवू नका, तो चालत नाही. आधीच सांगून ठेवतो."

मग त्यानं पाहणीचं रजिस्टर उघडलं. त्या रेकॉर्डचा एक जुना नियम होता. कागद कोणी एकट्यानं बघायचे नाहीत. बघणारा टेबलाच्या एका बाजूला बसणार, नगरपालिकेचा एक माणूस दुसऱ्या बाजूला. पान फाटू नये, जाऊ नये, म्हणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यानं समोर बसायचं. त्याचं नाव रजिस्टरमध्ये 'समक्ष' या रकान्यात. पाहणी संपली की बघणाऱ्यानं वेळ टाकून सही करायची. ती सही झाली की समोरचा माणूस सुटला. तोवर त्यानं जागचं हलायचं नाही.

कारकुनानं घड्याळाकडे बघितलं. त्याची बस होती. रकान्यात त्यानं एक नाव लिहिलं. विचार न करता, हाताला वळण पडल्यासारखं.

"हे कोण?" वायरमननं विचारलं.

"आमचे दप्तरीकाका. येतील. तुम्ही सुरू करा."

"आणि तुम्ही?"

"मी आहेच की."

असं म्हणून त्यानं बाहेरून लोखंडी जाळीचं दार ओढलं आणि कुलूप लावलं. उगाच कोणी आत येऊ नये म्हणून. वॉचमन रात्रीच्या फेरीला आला की उघडेल, हे जाता जाता सांगितलं. "मी आहेच की" म्हणून निघून जाणारी माणसं मी इतकी पाहिलीत, की हा भाग काकांनी नीट सांगितला नसता तरी मला दिसला असता.

भावोजी म्हणाले, "तो दप्तरीकाका मेलेला असणार."

काका गप्प बसले.

"नाही, सांगा, सांगा. मी आपलं म्हटलं."

"मेलेला असणार हे तुला इथे गच्चीवर हवा खात बसून कळतंय," काका म्हणाले. "त्याला तिथे बसून कळलं नाही. त्यात फरक आहे."

ताईनं भावोजींना कोपर मारलं. काका पुढे निघाले.

लांबट खोली. भिंतीला छतापर्यंत मांडण्या आणि त्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे. मधे एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. एक ट्यूब, तिचा चोक गेलेला, घूं घूं आवाज करणारी. पंख्याला रेग्युलेटर नाही. लावला तर वादळ, बंद केला तर घाम. वायरमननं वादळ पत्करलं. कामाला लागण्याआधी त्यानं घरी फोन केला.

"आई, उशीर होईल."

"जेवलास का?"

"आल्यावर जेवतो."

"एकटाच आहेस तिथे?"

"नाही, एक काका येतायत बसायला."

"मग ठीक. पाणी पी मधून मधून."

साल सापडलं. गठ्ठा सापडला. गाठ सोडून फाइल टेबलावर घेतली तेव्हा बाहेर पूर्ण अंधार पडला होता. पंख्याखाली पानं उडत होती, म्हणून वायरमननं एका बाजूला पकड ठेवली, दुसऱ्या बाजूला टेस्टर, आणि वर स्वतःचं कोपर. खाली मान घालून एकेक पान उलटायला लागला. अर्ज. पावती. पाहणी अहवाल.

समोरची खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आलात का काका?" वायरमननं मान वर न करता विचारलं. हातातलं पान पूर्ण करून मग वर बघितलं.

म्हातारा माणूस. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दोन्ही तळहात टेबलावर पालथे. त्याचं लक्ष वायरमनकडे नव्हतं. पानाकडे होतं.

"माफ करा हं, माझ्यामुळे तुम्हाला थांबावं लागलं."

काही नाही.

"या ट्यूबचा चोक गेलाय. उद्या येऊन बदलून देतो. दोन मिनिटांचं काम."

काही नाही. सरकारी माणूस आपल्याशी बोलला नाही, यात वायरमनला काही वेगळं वाटलं नाही. त्यानं पान उलटलं. म्हाताऱ्यानं किंचित मान हलवली. आणखी एक पान. पुन्हा मान. प्रत्येक पानाला. जणू पान गेलं आणि सुखरूप आलं, याची तो पोच देत होता.

आणि नकाशा निघाला.

निळ्या रेघा, कडा पिवळ्या पडलेल्या. वडिलांची सही. नगरपालिकेचा शिक्का. आणि रस्त्याच्या अंगाला, स्पष्ट, लांबी-रुंदी टाकून, पुढची खोली. वायरमन हसला. आठवड्यात पहिल्यांदा हसला असेल. नकाशा त्यानं समोर फिरवला आणि खोलीवर बोट ठेवलं.

"काका, ही बघा. आईची खोली आहे ही. आणि म्हणे अनधिकृत."

म्हाताऱ्यानं मान हलवली. वायरमनला इतकं बरं वाटलं. या इमारतीत त्याच्या बाजूनं मान हलवणारा हा पहिलाच.

पण करायचं काय? नक्कल आठ दिवसांनी. सुनावणी सकाळी. फोटो चालणार नाही. फाइल शनिवारी टेम्पोत, आणि शुक्रवारी कारकून म्हणणार, फाइल सापडत नाही साहेब. हे वायरमनला दिसत होतं, कारण त्या कारकुनाची सगळी वाक्यं त्याला एव्हाना पाठ झाली होती.

"काका, उद्या सुनावणी झाली की दुपारी हा कागद आणून जागेवर लावतो. शप्पथ."

म्हाताऱ्यानं मान हलवली नाही.

"एका सकाळचा प्रश्न आहे."

नाही.

वायरमननं नकाशाची घडीवर घडी घातली आणि तो शर्टाच्या आत सरकवला. करून टाकलं. मग फाइल बांधायला त्यानं टेस्टर उचलला, आणि त्याच्या बाजूची पानं फडफडायला लागली. एक उडून खाली पडलं. ते उचलताना त्याची नजर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेली.

तिकडे सुटी पानं होती. फाइलमधून काढून ठेवलेली. पातळ. पंखा वर गरगर फिरत होता.

तिकडचं एकही पान हललं नव्हतं. कोपरासुद्धा नाही. म्हाताऱ्याच्या डोक्यावरचे विरळ केस... ते पण नाहीत.

वायरमन हळूहळू सरळ झाला.

म्हातारा आता फाइलकडे बघत नव्हता. वायरमनच्या शर्टाकडे बघत होता. बरोबर तिथे. कागद होता तिथे.

"काका..."

ट्यूबची घूं घूं.

"तुम्ही आत आलात कुठून?"

दार एकच. त्याला बाहेरून कुलूप.

वायरमन उठला. मागे सरकत गेला. पाठ फिरवली नाही. म्हातारा उठला नाही. तळहात टेबलावरच. फक्त मान वळत गेली... वायरमन जिकडे, तिकडे. जाळीचं दार पाठीला लागलं तेव्हा वायरमननं हाक मारली. मोठ्यानं मारायची होती. निघाली बारीक.

वॉचमन टॉर्च घेऊन आला.

"कोणी कोंडलं तुम्हाला?"

"कारकुनानं. उघडा आधी."

"एकटेच आहात?"

"नाही... दप्तरीकाका आहेत ना. आत."

वॉचमनच्या हातात किल्ली होती. ती कुलपापर्यंत गेली नाही.

"रजिस्टरात त्यांचं नाव लिहिलं?"

"हो. कारकुनानं."

वॉचमननं टॉर्च विझवला. आत उजेड पाडायची त्याची इच्छा दिसत नव्हती. मग त्यानं जाळीतून किल्ली आत सरकवली. "हात बाहेर काढून तुम्हीच उघडा," म्हणाला, आणि दोन पावलं मागे झाला.

"ते गेले हो मागच्या वर्षी," वॉचमन तिथूनच म्हणाला. "त्याच खुर्चीत. कोणाची तरी पाहणी चालली होती. तो माणूस सही न करताच घरी गेला. हे बसून राहिले. सकाळी आम्हाला कळलं. जिवंत होते तोवर सगळ्या ऑफिसनं त्यांचंच नाव घातलं, कोणाला समोर बसायला नको म्हणून. गेल्यावरही तेच घालतात. विचारणार कोण?"

वायरमननं किल्ली उचलली.

"तुम्ही सही केलीत का बाहेर पडल्याची?"

"नाही."

"मग आत जा. काही घेतलं असेल तर जागेवर ठेवा. वेळ टाका, सही करा. मोकळं करा त्यांना. नाहीतर ते उठायचे नाहीत. तुम्ही जिथे बसाल तिथे..."

वॉचमननं वाक्य तिथेच सोडलं.

वायरमनचा हात शर्टावर होता. घामानं कागद अंगाला चिकटला होता. टेबल इथून दिसत होतं. रजिस्टर टेबलावर होतं. पेनही होतं. वीसेक पावलं असतील. पण सही करायची तर कागद ठेवायचा. कागद ठेवला तर उद्या खोली गेली.

त्यानं कुलूप उघडलं. आत गेला नाही. बाहेर गेला.

"सही न करता?" ताईनं विचारलं.

"तू काय केलं असतंस?" काका म्हणाले.

  काकांचा आवाज खाली आला होता, आणि मला राग आला, कारण मलाही मागे वळून बघावंसं वाटत होतं.

वायरमन घरी पोचला तेव्हा आई जागी होती. पुढच्या खोलीत दिवा चालू.

"आलास? त्यांनाही बसव."

"कोणाला?"

"तुझ्याबरोबर आलेत ते."

"कोणी नाही आई."

"दोघांच्या चपला वाजल्या रे. एक तुझ्या. एक जुन्या, झिजलेल्या."

वायरमननं दार लावलं. दोन्ही कड्या घातल्या. वळला, तर पलंगासमोरची खुर्ची थोडी ओढलेली होती. माणूस बसताना ओढतो तेवढी. खुर्चीत काही दिसत नव्हतं. तो पलंगाच्या कडेला बसला, आईचे पाय धरून. मग दिसायला लागलं. आधी तळहात. गुडघ्यांवर पालथे. मग बटणं.

"पाणी दे त्यांना," आई म्हणाली.

वायरमन हलला नाही.

"काय हा मुलगा. कुठे असता आपण?"

गप्प.

"हो का?" आई म्हणाली. "बरीच वर्षं झाली म्हणजे नोकरीला."

गप्प.

"आणि घरी कोण कोण?"

बराच वेळ गप्प...

"अरे रे," आई म्हणाली.

असं रात्रभर. आईला ऐकू येत होतं. वायरमनला नाही. तो शर्ट अंगावर ठेवून बसला. समोरची नजर हलली नाही. शर्टावरून हलली नाही. पहाटे रस्त्यावर पहिली गाडी गेली, खोलीत उजेड आला, आणि खुर्ची रिकामी दिसायला लागली.

सकाळी सुनावणी. मोठे साहेब, बांधकामाचे इंजिनिअर आणि कोपऱ्यात फायली धरून तो कारकून. वायरमननं नकाशा टेबलावर ठेवला. साहेबांनी उलटून-सुलटून बघितला.

"हे तर मूळ पान आहे. तुमच्याकडे कसं? चोरी आहे ही. आत जाल."

"काल पाहणी केली साहेब. नियमाप्रमाणे. समक्ष."

"कोणाच्या समक्ष?"

"दप्तरीकाकांच्या."

 इंजिनिअरनं कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं खिडकीकडे. साहेबांनी रजिस्टर मागवलं. कालची नोंद वाचली. मग मागचं पान उलटलं. तेच नाव. त्याच्या मागचं. तेच. उलटत गेले, उलटत गेले. माणूस जाऊन वर्ष झालेलं, आणि त्यानं एक दिवसही सुट्टी घेतलेली नव्हती. त्यातल्या कित्येक पानांवर खाली तपासणीची सही होती. साहेबांचीच.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"सवय झाली होती साहेब," कारकून म्हणाला.

काका म्हणतात, वायरमनला तेव्हा वाटलं, आता या सगळ्यांची चामडी निघणार. मला ऐकतानाच माहीत होतं, काही निघणार नाही. साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं. पाच मिनिटं हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं. मग साहेब वायरमनकडे वळले आणि एकदम गोड झाले.

"तुमची खोली नकाशात आहे. अधिकृत आहे. नोटीस मागे घेतली. तसं लेखी देतो, घेऊन जा."

वायरमनच्या हातात कागद आला. शिक्क्यासकट.  जाता जाता त्याला आठवलं.

"साहेब, माझी बाहेर पडल्याची सही राहिलीय. रजिस्टर द्या, करून टाकतो."

"कसली सही?"

"कालच्या पाहणीची."

साहेबांनी रजिस्टर बंद केलं, टेबलाच्या खणात टाकलं आणि खणाला किल्ली लावली.

"तुम्ही काल आलातच नाही," साहेब म्हणाले.

संध्याकाळी वायरमन घरी आला. आईला सांगितलं, खोली वाचली. आईनं हात जोडले. मग हळूच म्हणाली, "ते अजून बसलेत रे. उठतच नाहीत. काही राहिलंय का त्यांचं?"

तो दुसऱ्या दिवशी धावत गेला. रेकॉर्ड नव्या इमारतीत हललं होतं. टेबलावर नवं कोरं रजिस्टर. जुनं कुठंय? कारकून म्हणाला, कुठलं जुनं? वायरमननं अर्ज केला. रीतसर, फलकावर लिहिलंय तसा. अमुक तारखेचं पाहणी रजिस्टर मला बघायचं आहे, त्यातल्या माझ्या नोंदीवर सही करायची आहे. लेखी उत्तर आलं. सदर रजिस्टर या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. सदर दिनांकास कोणतीही पाहणी झालेली नाही. खाली सही, शिक्का. त्यानं अपील केलं. अपिलाचं उत्तर त्याच शब्दांत आलं, फक्त शिक्का वेगळा.

एक सही. पेनानं करायची, अर्ध्या सेकंदाची. ती करायला जागाच राहिली नाही कुठे. सगळ्यांनी आपापली मान सोडवून घेतली आणि म्हातारा बसला तो बसला. म्हणजे मेल्यावरसुद्धा.

"तुम्ही स्वतः बघितलंत का काका?" भावोजींनी विचारलं. आता चेष्टेचा सूर नव्हता.

"त्याला नाही बघितलं," काका म्हणाले. "मी गेलो तेव्हा खुर्ची रिकामीच होती. म्हातारी तिच्याशी बोलत होती, पण ती काय, कोणाशीही बोलायची. मी वायरमनला म्हटलं, तुझ्या डोक्यात बसलंय ते. त्यानं भिंतीकडे बोट केलं."

खुर्चीच्या वर, उंचावर, एक कॅलेंडर होतं. पाय गेलेल्या म्हातारीचा हात पोचणार नाही इतकं उंच. एप्रिलच्या पानावर शेवटच्या गुरुवारच्या चौकटीत पेन्सिलीनं एक बारीक बरोबरची खूण होती. शुक्रवारी एक. मे महिना पूर्ण. जूनमध्ये त्या दिवसापर्यंत. घरात पेन्सिल नव्हती, असं वायरमन म्हणाला.

काकांनी स्वतः स्टुलावर चढून कॅलेंडर काढलं. गुंडाळी करून बरोबर आणलं आणि वाटेत टाकून दिलं. वाटलं, संपलं.

सकाळी वायरमनचा फोन आला. काका पुन्हा गेले. कॅलेंडर होतं तिथे भिंतीवर रंग न उडालेला चौकोन उरला होता. त्या चौकोनात, वरच्या डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीची एक खूण.

"परवा गेलो होतो," काका म्हणाले. "चौकोन भरलाय. आता चौकोनाबाहेर, भिंतीवर सुरू झाल्यात. ओळीत, सरळ, खिडकीच्या दिशेनं..."

काका थांबले.

"मी मोजल्या नाहीत. पण एकही खाडा नाही."